खडखड, मोकळीक आणि ब्रेकचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांना नवल वाटलं असणार. उभी हयात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली, आणि आता मोटारीच्या ब्रेकवर बोलणार! पण आमचं म्हणणं असं, की एखाद्या वस्तूचा इतिहास नीट तपासला की ती दुरुस्त कशी करायची हेही बऱ्याच अंशी उमगतं. ब्रेक हे त्याचं फार चांगलं उदाहरण आहे.

प्रश्न साधा आहे. एखादा हौशी माणूस गाडीचे मूळचे ब्रेक काढतो आणि त्या जागी बाजारातून आणलेले, शर्यतीच्या घराण्यातले मोठे ब्रेक बसवतो. चार किंवा सहा पिस्टनचं ॲल्युमिनियमचं कॅलिपर, भलीमोठी डिस्क, वर झकास लाल रंग. खर्च भरपूर. गाडी थांबतेही उत्तम. पण गल्लीतल्या खड्ड्यांतून, गतिरोधकावरून हळू जाताना पुढच्या चाकांतून आवाज येतो, खड खड खड. डब्यात सुटे नट टाकून डबा हलवावा तसा. मूळचे स्वस्तातले ब्रेक गप्प होते, आणि हे महागडे बडबडे निघाले. असं का व्हावं? आणि ही खडखड घालवावी कशी?

‘एक स्प्रिंग बसवा’ एवढं सांगून आम्हाला मोकळं होता आलं असतं. बऱ्याचदा उत्तर तेच असतं. पण ती स्प्रिंग मुळात आली कुठून, शर्यतीच्या ब्रेकमधून ती गेली का, आणि ती नसताना लोक जे दुसरे उपाय करतात त्यांतले काही जिवावर का बेतू शकतात, हे समजायचं तर शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती म्हणजे डिस्क. तिच्या कडेवर चिमट्यासारखं बसलेलं कॅलिपर. कॅलिपरच्या आत, डिस्कच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड. पॅड म्हणजे एक पोलादी पाठपट्टी आणि तिच्यावर घट्ट बसवलेला घर्षणाचा मसाला. आपण पेडल दाबतो, ब्रेक ऑइलचा दाब पिस्टनवर येतो, पिस्टन पॅडला ढकलतो आणि पॅड डिस्कला धरतो. बस, इतकंच.

आता आवाज. ब्रेकचे आवाज मुख्यतः तीन जातींचे, आणि त्यांची गल्लत झाली की दुरुस्ती चुकते. पहिला किंचाळण्याचा. तो ब्रेक दाबलेला असताना येतो. पॅड डिस्कवर घासताना क्षणात अडकतो, क्षणात सुटतो, आणि त्या थरथरीने डिस्क काशाच्या थाळीसारखी वाजू लागते. दुसरा ‘टक्क’ असा एकदाच येणारा. गाडी रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढे निघालात आणि पहिल्यांदा ब्रेक दाबलात, की पॅड आपल्या खाचेत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकून आदळतो. आणि तिसरी खडखड. ती ब्रेक दाबलेला नसताना, खडबडीत रस्त्यावर येते. तेव्हा पॅड मोकळा असतो आणि खाचेत नाचत असतो. आपल्याला आज ही तिसरी हवी आहे. पण इतिहासात सुरुवात झाली ती किंचाळण्यापासून.

मोटारीच्या बाल्यावस्थेत ब्रेक म्हणजे घोडागाडीला असायचा तसा लाकडी ठोकळा, चाकावर दाबला जाणारा. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात बर्टा बेन्झ यांनी नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइम गाठलं. सुमारे १०६ किलोमीटरचा प्रवास. उतारांवर ठोकळे झिजत गेले. तेव्हा वाटेत एका जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांनी ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ज्याला आपल्याकडे गॅरेजमध्ये लायनर म्हणतात, त्या ब्रेकच्या अस्तराची कथा इथून सुरू झाली असं सांगतात.

तिकडे इंग्लंडात डर्बीशरच्या डोंगराळ मुलखात गाडीवान उताराला ब्रेकच्या ठोकळ्यावर जुने बूट ठोकत. हर्बर्ट फ्रूड या गृहस्थांनी ते पाहिलं, आणि याहून चांगलं काही करता येईल असं त्यांच्या मनात आलं. १८९७ साली त्यांनी अस्तरं बनवण्याचा उद्योग सुरू केला आणि पुढे चॅपल-एन-ल-फ्रिथ या गावी तो वाढवला. उद्योगाचं नाव फेरोडो. फ्रूड या आडनावाची रोमन अक्षरं फिरवून, त्यात पत्नी एलिझाबेथ यांच्या नावाचं आद्याक्षर घालून ते तयार केलेलं.

आणि १९०२ साली बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. पातळ चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा. कल्पना थेट आजची. पण चिमट्याच्या तोंडाला अस्तर होतं तांब्याचं. धातूवर धातू घासला की काय होतं ते सांगायला नको. कानठळ्या बसाव्यात असा आवाज. शिवाय त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबं भराभर झिजायचं. तेव्हा लक्षात घ्या मंडळी, डिस्क ब्रेक जन्माला आला तोच आवाज घेऊन.

त्या आवाजावर आणि त्या झिजण्यावर एक उपाय फ्रूड यांच्या कारखान्यातून आला. १९०८ च्या सुमारास त्यांनी अस्तरात ॲस्बेस्टॉसचे तंतू वापरायला सुरुवात केली. ॲस्बेस्टॉस जळत नाही, तापलं तरी पकड सोडत नाही, लवकर झिजत नाही आणि धातूपेक्षा पुष्कळच मऊ आवाजात काम करतं. ब्रेकवाल्यांना हवं ते सगळं एका पदार्थात मिळालं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरच्या ब्रेकमध्ये तेच राहिलं.

पण त्याची धूळ कुणाच्या तरी फुप्फुसात जात होती. १९२४ साली रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस गिरणीत काम केलेल्या नेली केरशॉ वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारल्या, आणि त्यांच्या मृत्यूमुळे ॲस्बेस्टॉसिस हा आजार वैद्यकीय नोंदीत आला. १९३० साली ब्रिटिश सरकारच्या चौकशीचा अहवाल आला, १९३१ मध्ये नियम झाले. तरी ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडावं लागलं. आपल्यापासूनही ही गोष्ट लांबची नाही. फेरोडोचं नाव मुंबईत घाटकोपरला येऊन पोचलं होतं. हिंदुस्तान फेरोडोचा कारखाना अनेकांनी पाहिलेला असेल. आणि १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निर्णय दिला, की कामगाराचं आरोग्य हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हा तपशील ध्यानात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचं आहे.

आता पुन्हा ब्रेककडे. लँचेस्टर यांनी पेटंट घेतलं त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेक पुढे आणला. पुढलं अर्धशतक ड्रमचंच होतं. ड्रम ब्रेकमध्ये दोन अर्धगोल शू एका बंद डब्यात असतात. ब्रेक सोडला की त्यांना आत ओढायला स्प्रिंगा, आणि ते इकडेतिकडे हलू नयेत म्हणून दाबून धरायला आणखी स्प्रिंगा. म्हणजे शू कायम ताणाखाली. सहसा तो खडखडत नाही. आपल्या जुन्या गाड्यांचे मागचे ब्रेक उघडताना ज्यांनी बोटं सोलून घेतली असतील, त्यांना त्या स्प्रिंगांचा जोर सांगायला नको.

ड्रमचा दोष वेगळा. डबा बंद, म्हणून उष्णता कोंडते. वेगात वारंवार ब्रेक मारले की पकड ओसरत जाते. शर्यतीत हे फार महागात पडायचं. डिस्क उघडी असते, वाऱ्यावर निवते. डनलॉपने विमानांसाठी डिस्क ब्रेक बनवले होतेच. जग्वार आणि डनलॉप यांनी मिळून ते मोटारीला लावायचं ठरवलं, आणि त्यांच्या चाचण्यांचा मोठा भार नॉर्मन ड्युइस या चालक-तंत्रज्ञाने उचलला. १९५२ साली स्टर्लिंग मॉस यांनी फ्रान्समध्ये रॅन्स इथे डिस्क ब्रेकच्या जग्वारवर शर्यत जिंकली. मग १९५३ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जग्वार पहिली आली. सरासरी वेग ताशी १०० मैलांच्या वर, म्हणजे १६० किलोमीटरपेक्षा जास्त. त्या शर्यतीत ही सरासरी त्याआधी कुणी गाठली नव्हती. दुसरा आणि चौथा क्रमांकही जग्वारचेच. दोनच वर्षांनी सित्रोएनने मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या डीएस या गाडीला पुढे डिस्क ब्रेक दिले. लँचेस्टर यांच्या पेटंटला तोवर पन्नास वर्षं उलटून गेली होती.

डिस्क रस्त्यावर आली खरी, पण येताना तिने एक जुना प्रश्न नव्या रूपात आणला. ड्रममधला शू स्प्रिंगांनी बांधलेला. डिस्कचा पॅड मात्र कॅलिपरच्या खाचेत नुसता बसवलेला. त्याला मागे ओढणारं बहुतेक वेळा काही नसतं. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग असते. पिस्टन पुढे जाताना ती किंचित पिळवटते, दाब गेला की सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. पॅड तेवढ्याने सैल पडतो. तोही केव्हा? तो खाचेत सहज सरकत असेल तरच. म्हणजे मोकळीक ही इथे ढिसाळपणा नाही, ब्रेक सुटण्याची ती अटच आहे.

आणि उष्णतेचा हिशेब पाहा. मोठ्या कॅलिपरमधली पॅडची पाठपट्टी समजा १४० मिलिमीटर लांब आहे. एक मीटर पोलाद एका अंशाला साधारण १२ मायक्रोमीटर वाढतं. घाटात किंवा शर्यतीत पाठपट्टीचं तापमान ३०० अंशांनी चढलं, तर ती जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने लांबते. कॅलिपरही तापून फुगतं, पण सावकाश. पॅड आधी तापतो. म्हणून थंड असताना पॅड आणि खाच यांच्यात काही दशांश मिलिमीटरची फट सोडावीच लागते. नाही सोडली, तर तापलेला पॅड खाचेत पाचरीसारखा रुतून बसेल.

आता गंमत बघा. फट हवी, आणि फट ठेवली की खडखड आली. दोन्ही गोष्टी एकाच कारणातून निघतात. एक ठेवून दुसरी घालवायची कशी? रस्त्यावरच्या गाड्यांच्या अभियंत्यांनी याला जे उत्तर दिलं ते फार शहाणपणाचं होतं. त्यांनी फट बुजवली नाही. त्यांनी फटीत स्प्रिंग घातली. पॅडवर वरून रेलणारी फुलीच्या आकाराची पातळ स्प्रिंग, किंवा पॅडच्या दोन टोकांना चिमट्यासारख्या बसणाऱ्या स्टेनलेस पोलादाच्या पट्ट्या. स्प्रिंग पॅडला हलका दाब देऊन एका बाजूला टेकवून ठेवते. खड्ड्यात तो नाचत नाही. पण पिस्टनचा जोर किंवा उष्णतेचा रेटा आला की स्प्रिंग दबते आणि वाट देते. पॅड मोकळाही राहिला आणि गप्पही बसला. जोडीला सरकत्या कॅलिपरच्या पिनांना रबरी टोप्या आल्या, पॅडच्या पाठीला रबराचा थर दिलेल्या पातळ पत्र्याच्या शिम आल्या. यातला शिमचा उपयोग मुख्यतः किंचाळण्यावर, आणि स्प्रिंगचा खडखडीवर. हा भेद दुकानात विचारून घ्यावा, कारण पुष्कळदा एकाच्या जागी दुसरं गळ्यात मारलं जातं.

शर्यतीच्या जगात गोष्ट उलटी गेली. तिथे कानावर हेल्मेट, मागे इंजिनाची गर्जना, आत ना गालिचा ना अस्तर. खडखड ऐकायची कुणी? तिथे हवं काय, तर हलकं कॅलिपर, कितीही तापलं तरी न अडकणारा पॅड, आणि एक पिन उपसून मिनिटाभरात पॅड बदलता येणं. मग खडखड थांबवणाऱ्या स्प्रिंगा गेल्या. पिस्टनवरचे धूळ अडवणारे रबरी टोपही बऱ्याचदा गेले, कारण ते जळून जात. खाचेतली फट जरा उदार ठेवली गेली. डिस्कसुद्धा दोन भागांत आली. मधला ॲल्युमिनियमचा वाडगा, बाहेरची लोखंडी कडी, आणि दोघांना जोडणाऱ्या सैल गुंड्या, म्हणजे कडी तापून फुगली तरी वाकडी होऊ नये. या तरंगत्या डिस्कही हलवल्या की वाजतात. जोरदार मोटरसायकल चालवणाऱ्यांना त्यांची ओळख असेल.

इटलीत बेर्गामोजवळ १९६१ साली ब्रेम्बो सुरू झाली, अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७७ साली विलवुड. शर्यतीच्या मैदानावर नाव कमावलेले असे ब्रेक मग हौशी लोकांच्या गाड्यांपर्यंत आले. १९९८ च्या मित्सुबिशी लॅन्सर इव्होल्यूशनच्या पाचव्या आवृत्तीत तर कारखान्यातूनच ब्रेम्बोचे कॅलिपर बसून आले. कारखान्यातून येणाऱ्या गाडीत त्या ब्रेकला रस्त्याची रीत शिकवलेली असते. स्प्रिंगा, पिना, पॅडचा आकार, सगळं त्या गाडीसाठी जुळवलेलं. पण सुटं किट घेऊन बसवलं, आणि ते मुळात मैदानासाठी घडवलेलं असलं, तर त्याच्याबरोबर मैदानाची रीतही घरात येते. खडखड हा त्या अर्थाने बहुधा बिघाड नसतो. एका कामासाठी घडवलेली वस्तू दुसऱ्या कामाला लावल्याची ती खूण असते.

पण ‘बहुधा’ या शब्दावर आमचा जोर आहे. प्रत्येक खडखड निरुपद्रवी नसते. म्हणून आधी निदान. न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणून पद्धत आहे: कारण असताना कार्य असतं का, आणि कारण काढून घेतलं की कार्य जातं का, दोन्ही तपासायचं. मोकळ्या, खडबडीत रस्त्यावर हळू चला. खडखड सुरू असताना ब्रेकच्या पेडलवर नुसता पाय टेकवा. पॅड डिस्कला लागेल, पण गाडी फारशी मंदावणार नाही, इतपतच. आवाज थांबला आणि पाय उचलताच परत आला, तर पॅड किंवा तरंगती डिस्क यांच्यावर संशय घ्यायला जागा आहे. थांबला नाही, तर ब्रेकला दोष देऊ नका. शॉक ॲब्सॉर्बर, स्टॅबिलायझरची लिंक, झिजलेले बुश यांच्याकडे वळा.

मग गाडी सपाट जागेवर जॅकने उचलून, स्टँडवर नीट टेकवून चाक काढा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नये. पहिली नजर बोल्टवर. कॅलिपर आणि त्याचा ब्रॅकेट धरणारे बोल्ट बनवणाऱ्याने सांगितलेल्या जोरात, टॉर्क पान्याने आवळलेले आहेत ना? पॅड धरणाऱ्या पिना पुऱ्या आत आहेत ना, त्यांच्या क्लिपा जागेवर आहेत ना? खडखडीचं कारण सुटत आलेली पिन असेल, तर तो आवाज म्हणजे देवाने धाडलेला निरोप समजावा. मग पॅड बोटाने हलवा. मग डिस्कची कडी हलवा. कोण वाजतंय ते तिथेच कळेल.

पॅडच वाजत असेल तर उपायांचा क्रम असा. आधी स्प्रिंग. आहे का? उलटी बसली आहे का? वारंवार तापून तिचा ताण मेला आहे का? निळसर पडलेली, सपाट झालेली स्प्रिंग बदलावी. कॅलिपरच्या नमुन्यात स्प्रिंगची सोयच नसेल, तर त्याच बनवणाऱ्याकडे रस्त्यावरच्या वापरासाठी वेगळी स्प्रिंग किंवा वेगळा ब्रिज मिळतो का ते विचारावं. दुसरं, पॅडची मापं. तीच बाह्याकृती असूनही स्वस्त पॅडची पाठपट्टी थोडी आखूड निघते. व्हर्नियरने पट्टी आणि खाच दोन्ही मोजा, आणि बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहा. तिसरं, खाचेची झीज. ॲल्युमिनियमवर पोलादी पट्टी आदळून आदळून खळगे पडतात. म्हणून चांगल्या कॅलिपरमध्ये तिथे पोलादी पट्ट्या बसवलेल्या असतात, त्या झिजल्या की बदलायच्या. चौथं, ग्रीस. ब्रेकसाठीच बनवलेलं, उष्णता सोसणारं, आणि तेही पाठपट्टीच्या कडांना अगदी पुसटसं. मसाल्यावर किंवा डिस्कवर कणभरही नाही. साधं पेट्रोलियम ग्रीस तर रबरी रिंगांना लागूच देऊ नये, त्याने त्या फुगतात.

सगळं बसवल्यावर एक कसोटी. थंड पॅड बोटाच्या जोराने सरकला पाहिजे, पण हलवला तर वाजता कामा नये. दोन्ही अटी एकदम पुऱ्या झाल्या तर काम झालं. तरंगत्या डिस्कचा आवाज असेल तर गुंड्यांखाली बसणाऱ्या लहरी वॉशरची, म्हणजे तिथेही एक प्रकारच्या स्प्रिंगचीच, सोय त्या नमुन्यात आहे का ते पाहायचं. नसेल आणि झीज मर्यादेत असेल, तर तो आवाज सोसायचा. हेही एक उत्तर आहे, आणि लाजिरवाणं नाही.

आता काय करू नये. पॅड खाचेत सिलिकॉन सीलंटने चिकटवणं, पाठपट्टीच्या टोकावर वेल्डिंगचा थेंब देऊन ती ‘टाइट’ करणं, फटीत पत्र्याचा तुकडा ठोकून बसवणं, तरंगत्या डिस्कच्या गुंड्या वेल्ड करणं. हे सगळे उपाय आवाज घालवतात, आणि पहिल्याच फेरीत घालवतात, म्हणून ते लोकांना आवडतात. पण ते मोकळीकही घालवतात. मग पॅड डिस्कला घासत राहतो, डिस्क तापते, उष्णता पिस्टनमार्गे ब्रेक ऑइलपर्यंत जाते. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश आणि डॉट ४ चा किमान २३० अंश असावा लागतो. पण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. तसं झाल्यावर त्यांची किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशच धरलेली आहे. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, पण दाब पुढे पोचवत नाही. पेडल सरळ तळाला जातं. आणि हे होणार कुठे? सपाट गल्लीत नव्हे, घाटाच्या उतारावर, गाडी माणसांनी भरलेली असताना. गल्लीतली खडखड बंद केली, आणि तिची फेड घाटात करावी लागली.

इथे आमचा मूळ विषय पुढे येतो. आपल्या दर्शनांत अभावाचं ज्ञान कसं होतं याची मोठी चर्चा आहे. खोलीत घट दिसला नाही म्हणजे घट नाही, हे केव्हा म्हणता येतं? उजेड असेल, डोळे उघडे असतील, म्हणजे घट असता तर दिसला असता, अशी स्थिती असेल तेव्हाच. याला योग्य अनुपलब्धी म्हणतात. अंधारात घट दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ब्रेकचंही तसंच. स्प्रिंगने बसवलेला पॅड गप्प आहे, तेव्हा पुढे पिन सुटली तर ती वाजेल आणि आपल्याला कळेल. त्या शांततेवरून काही ठरवता येतं. पण सीलंट भरून गप्प केलेल्या ब्रेकमध्ये दोष असला तरी तो वाजणारच नाही. ती शांतता म्हणजे अंधारी खोली.

आता मघाचा ॲस्बेस्टॉसचा तपशील. लँचेस्टर यांच्या तांब्याचा कर्कशपणा गेला, गाड्यांचे ब्रेक मऊ आणि टिकाऊ झाले, आणि प्रवाशांनी ती सोय अनेक वर्षं उपभोगली. तिची किंमत गिरणीतल्या, कारखान्यातल्या आणि गॅरेजमधल्या माणसांनी दिली. गाडीत बसलेल्याच्या कानावर त्यातलं काही आलं नाही. पुढे ॲस्बेस्टॉस गेलं, पोलादाचे तंतू आले, तांबंही नव्या रूपात पॅडच्या मसाल्यात परतलं, कारण ते उष्णता चांगली वाहून नेतं. मग त्याची भुकटी पावसाबरोबर ओढ्यानद्यांत जाऊन माशांना बाधते असं दिसलं. २०१० साली अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी कायदे केले. २०२१ पासून पॅडमधलं तांबं ५ टक्क्यांच्या आत, आणि कॅलिफोर्नियात २०२५ पासून अर्ध्या टक्क्याच्या आत. म्हणजे प्रत्येक वेळी ब्रेक सुधारताना एकच प्रश्न उशिरा विचारला गेला: ही सोय नेमकी कुणाच्या खात्यातून आली?

तोच प्रश्न आपल्या गॅरेजमध्ये लवकर विचारता येतो. मेकॅनिकने सांगितलं, ‘साहेब, आवाज बंद केला,’ तर आनंद मानावा, पण एवढं विचारावं: कशाने केला? स्प्रिंग बदलून, माप जुळवून, बोल्ट आवळून केला असेल तर त्याच्या हातात पैसे ठेवा आणि चार शब्द कौतुकाचेही बोला, कारण हे निगुतीचं काम आहे. फट बुजवून केला असेल, तर ते काढून टाकायला सांगा, आणि तोवर खडखड ऐकत हळू चालवा. आणि पॅड बदलताना जुनी धूळ फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, त्यालाही उडवू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. जुन्या गाडीच्या ब्रेकमध्ये काय भरलेलं होतं ते बाहेरून दिसत नाही, आणि ती धूळ आधी त्याच्याच नाकात जाते.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळेपर्यंत ज्यांच्या गाडीत खडखड आहे त्यांनी पेडलवर पाय टेकवून पाहावा. नमस्कार.